दोन्या फोर्तुनाताचे दोन निरोप

निरोपांचं यंत्र मेलं तेव्हा आमच्या नगरपालिकेत कुणाला त्याचं सुतक नव्हतं. ते माझ्याच टेबलाखाली असायचं. साहेबांनी फोन उचलला नाही की लोक त्यात बोलून ठेवायचे आणि साहेब लोक सवडीने ऐकायचे, म्हणजे बहुतेक ऐकायचेच नाहीत. तुनालच्या घळीतून दगड-चिखलाचा लोंढा उतरला, विजेचे खांब घेऊन गेला, वीज दोनदा आली-गेली आणि यंत्राने मान टाकली. खालच्या वस्तीतली घरांची एक अख्खी रांग माणसांसकट गाडली गेली होती. यंत्राची कुणाला पडली होती?

पडली होती ती एकट्या दोन्या फोर्तुनाताला. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात. ती घळीच्या माथ्यावरची राखणदार. वर पाऊस लागला, घळीत गढूळ पाणी दिसलं, की तिने इंजिनियर साल्दिवार साहेबांना फोन करायचा आणि साहेबांनी भोंगा वाजवायचा, अशी पद्धत होती. भोंग्याचं बटण साहेबांच्या खोलीत. त्या दुपारी भोंगा वाजला नाही. साहेब म्हणाले, मला निरोपच नाही. ती म्हणाली, मी दोनदा फोन केला. ती ओरडत खाली धावली तेव्हा तिचा फोन चिखलात गेला होता आणि कॉलची नोंद द्यायला फोन कंपनी कोर्टाचा हुकूम आणा म्हणत होती. वस्तीला साहेबांचं पटलं. साहेब शिकलेले, दूर राहणारे. राग काढायला जवळचं माणूस बरं पडतं. रविवारी सभा बसणार होती. फोर्तुनाताला वस्तीतून काढायचं, एवढाच विषय होता. तिची झोपडी वस्तीच्या जागेत, नवऱ्याचं थडगं वस्तीच्या दफनभूमीत. या वयात ती जाणार कुठे?

ती रोज येऊन कचेरीच्या जिन्यात बसायची. मी दिसलो की उठायची.

"एल्मर, बाळा, बरा आहेस ना? आईचा गुडघा काय म्हणतोय? तांबडी कोंबडी अंडी घालते का अजून? आणि तुझ्या बहिणीचं ते बाळ, चालायला लागलं का?"

सगळ्यांची उत्तरं घेतल्याशिवाय ती मुद्द्यावर यायची नाही. आमच्या डोंगरात असंच असतं. आल्या आल्या कामाचं बोलणारा माणूस एक तर पोलीस असतो, नाही तर पाव्हण्याची रीत न कळलेला.

"बाळ चालतंय, माय."

"देव भलं करो. आणि माझा आवाज रे? यंत्रातून निघाला का?"

"नाही अजून. आतली डिस्क फार टकटक करतेय."

"म्हातारी झाली असेल. दमाने घे." मग ती फडक्यातले उकडलेले बटाटे माझ्या हातावर ठेवायची.

साल्दिवार साहेब जाता-येता बघायचे. एकदा दारात थांबले. "कशाला डोकं फोडतोस, एल्मर? नवीन यंत्र येतंय. हे टाक भंगारात."

"टाकतो, साहेब," मी म्हणालो. टाकलं मात्र नाही. दिवसभर केकवर ताव मारणाऱ्या माणसाचं ऐकून मी काही भंगारात टाकणार नव्हतो. हो, केक. लोंढ्याच्या दुपारी कचेरीत साहेबांचा वाढदिवस होता. मीही एक तुकडा खाल्ला होता.

डिस्क थोडी फिरायची, टकटक करायची, थांबायची. ती थंड होऊ द्यायची, पुन्हा चालू करायची, वाचेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. आवाज निघाले, पण कोणता कुणाचा ते सांगणारी यादी अर्धीअधिक उडालेली. एकेक ऐकत बसलो. कुणाच्या कुत्र्याची तक्रार, कचऱ्याची गाडी, जत्रेला बँड मिळेल का, चुकून लागलेल्या फोनवर नवऱ्याला हासडलेल्या शिव्या. ऐकून ऐकून कान किटले. आणि मग शनिवारी तिचा आवाज आला. मी एकट्याने टाळी वाजवली. मग पुढचं ऐकलं आणि हात तसाच राहिला.

तिला वर बोलावलं. दार लावून घेतलं आणि ऐकवलं.

"नमस्कार, इंजिनियर साहेब. मी फोर्तुनाता, तुनालच्या माथ्यावरून. बरे आहात ना? बाईसाहेब, मुलं, सगळी सुखरूप? आज तुमचा वाढदिवस म्हणे, एल्मरकडून कळलं. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, तुमच्या आईलाही, तिचा डोळा आता..."

टूं.

"साहेब, फोन तुटला वाटतं. माफ करा हं. पुन्हा नमस्कार. ऐन जेवणाच्या वेळी त्रास देतेय, राग मानू नका. तुम्ही आमच्यासाठी एवढं करता, आम्हाला का कळत नाही? तर साहेब, सांगायचं असं की, इकडे वर..."

टूं.

निरोपाला अर्ध्या मिनिटाची मर्यादा साहेबांनीच घालून ठेवली होती. ही डोंगरातली माणसं फार बोलतात रे, म्हणाले होते.

दोन्या फोर्तुनाता यंत्राकडे बघत राहिली. "दुसऱ्यात मागे आवाज येतोय," ती म्हणाली. "घरघर. दगडांचा आहे तो."

"हो, माय."

"मग साहेबांना नाही ऐकू आला?"

कोणता निरोप कधी ऐकला गेला, ते सांगणारा यादीचा भाग शाबूत होता. खोटं बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही. "पहिला निरोप त्यांनी लगेच ऐकलाय. दुसरा ऐकलाच नाही."

"कसा ऐकतील?" ती म्हणाली. "पहिल्यात मी कामाचं काही बोललेच नव्हते."

मला तेव्हा रडू आलं आणि रागही आला, तिचासुद्धा. "माय, उद्या मी सभेत हे ऐकवणार. तू फोन केलास, हे कळू दे सगळ्यांना."

"ऐकव," ती म्हणाली. "सगळं ऐकव. माझं काही कापू नकोस."

रविवारी वस्तीच्या आवारात मी दोन्ही निरोप लावले. साहेबांच्या आईच्या डोळ्याची चौकशी सगळ्यांनी ऐकली. कुणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येकाने तसाच फोन केला असता. दुसऱ्या निरोपातली घरघर सुरू झाली तशी ज्यांची माणसं गेली होती त्यांनी माना खाली घातल्या. वस्तीचे अध्यक्ष तेओफिलो म्हणाले, "फोर्तुनाता इथेच राहील." ठराव लिहायलाही कुणी उठलं नाही. तिने कुणाचे आभार मानले नाहीत. उठली आणि डोंगर चढू लागली.

साल्दिवार साहेबांवर चौकशी बसली आणि बदली होऊन ते समुद्रकाठच्या मोठ्या कचेरीत गेले. भोंग्याचं बटण आता माझ्या टेबलावर आहे. दोन्या फोर्तुनाता अजून माथ्यावरच आहे, आणि रोज दुपारी तिचा फोन येतो.

"नमस्कार, माय," मी घाईघाईने म्हणतो. "बरी आहेस ना? जेवलीस?"

"तुनाल कोरडी," ती म्हणते आणि फोन ठेवते.

बाजाराच्या दिवशी समोर आली तरी तसंच. पाण्याचं सांगते आणि पुढे जाते. घरी गेलो की आई गुडघ्याला तेल चोळत बसलेली असते. "फोर्तुनाता भेटली का रे? माझं विचारलं का तिने?"

"विचारलं," मी म्हणतो. "कोंबडीचंही विचारलं."