इनासचं नाक

पिएदादनं सुका बोंबील निखाऱ्यावर टाकला आणि मुद्दाम तिथंच राहू दिला. तो आधी तांबूस झाला, मग काळा, आणि घरभर असा वास उठला की चुलीपाशी लोळणारं मांजर उठून चालतं झालं. बाहेर पायरीवर तिचा नवरा इनास पायातला काटा काढत बसला होता. मान वर करील तर शपथ!

"सायबिणी माये," ती पुटपुटली, "ह्याचं नाकच गेलंय!"

इनासची मयेच्या डोंगरावर काजूची भट्टी. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, गाळायचा थोडी आणि प्यायचा फार. दर वर्षी ईस्टरआधीच्या उपासांत सोडायचा, आणि ईस्टरची संध्याकाळ झाली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. यंदाही त्यानं पाद्रीसमोर गुडघे टेकले होते. पण काय नवल! भट्टी पेटली, ईस्टर आला नि गेला, तरी हा कोरडाच. चव बघायचं काम त्यानं जोडीदार विठूवर सोपवलं होतं.

"हुर्राकाचा वासच येत नाही मला," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला होता. "देवानं ऐकलं."

गावानं तोंडात बोटं घातली. पिएदादलाही खरं वाटावंसं वाटत होतं. तरी तिन्हीसांजेला तो घरी आला की खांद्यावरचा टॉवेल घ्यायच्या निमित्तानं ती त्याचं तोंड हुंगायचीच. आणि मग तिला मोसमाआधीचा त्याचा ताप आठवला. नाक त्या तापानंच गेलं असेल तर? म्हणून तर हा बोंबील.

सकाळी पोदेराच्या सायकलीपाशी पाव घेताना तिनं विठूच्या बायकोला, गंगाला, सगळं सांगितलं.

"मग चमत्कार कसला? सर्दीच ती," गंगा म्हणाली. "आणि नाक आज ना उद्या परत यायचंच. तेव्हा गो?"

हाच किडा पिएदादचं डोकं पोखरू लागला. त्याला सांगावं तर त्याचा धीर सुटायचा. न सांगावं तर एक दिवस भट्टीवर वास यायचा, आणि मग कोण अडवणार? संध्याकाळी तेर्स म्हणताना तिच्या हातून जपमाळेचे मणी चुकू लागले. नवऱ्याचं नाक असंच बंद राहू दे, असलं मागणं कुणी देवाकडे मागतं का? तिनं तेही मागितलं.

मोसम संपत आला. एका संध्याकाळी इनास पायऱ्या चढून आला आणि टॉवेल तिच्या हाती देता देता थबकला.

"गंगाकडे फणस पिकला गो. रसाळ दिसतो."

पिएदादनं टॉवेल ओढून घेतला. "तुला वास आला?"

"येतो."

"कधीपासून?"

"तू बोंबील जाळलास तेव्हापासून."

"मग मान का नाही वर केलीस?"

"भ्यालो." इनास पायरीवर बसला. "दुसऱ्या दिवशी भट्टीचा वास आला. असा आला बाये, की तिथं थांबवेना. विठूला म्हटलं तू बघ, आणि काजूच्या झाडांत जाऊन बसलो."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? देवानं वास काढून घेतला म्हणून गावभर बोंबलून बसलो होतो. मलाच कळेना, आता देव मला सांभाळणार कसा." तो जरासा हसला. "म्हटलं, आजच्यापुरतं तरी बघूया. रोज तेवढंच मागतो. वास काही जात नाही. आजही होता."

"आणि?"

"आणि काय? घरी आलो."

पिएदादला त्या बोंबलानंतरच्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. रोज तिनं हुंगलं होतं, आणि एकदाही काही लागलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, पण टॉवेल हातात होता, त्यानंच पुसले.

दुसऱ्या दिवशी इनास आला तो सरळ तिच्यासमोर तोंड पुढे करून उभा राहिला.

"घे, हुंग."

"माझं नाक चोंदलंय," पिएदाद म्हणाली आणि टॉवेल घेऊन आत वळली. "हात धू. बांगडे निवतायत."