आधी रेघ

"हात ढिला सोड. मेल्या चिमणीसारखा."

सूर्यभानने हात सोडला. नत्थुजी पंतोजींनी त्याची बोटं आपल्या मुठीत घेतली आणि धूळपाटीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक रेघ ओढली. मोडी लिहायची तर आधी रेघ. अक्षरं मागाहून तिला टांगायची, दोरीवर धोतरं टांगतात तशी. पाटीवरची विटेची धूळ मऊ होती. रेघेच्या कडा तिच्यात विरून गेल्या.

"आता र."

पारावरची सगळी पोरं ओरडली, "र!"

तेवढ्यात खुशालराव पारापाशी आले. त्यांच्या मागे त्यांचा थोरला, चंद्रभान. तो या वेळी अकोल्याला असायला हवा होता, गोवर्धनशेठच्या कापसाच्या वखारीत, लिहिण्याच्या कामावर.

"पंतोजी, पोट्ट्याले वापस धाडलं शेठनं."

"कावून?"

"म्हणते, हे याच्या हातचं नाही. घरून कोण्या म्हाताऱ्याकून लिहून आणून राहिला. मंग समोर बसवलं. तरी तसंच! तं म्हणते, याले वात आहे." खुशालरावांनी बंडीतून कागद काढला. "पाहा. चालता बैल मुतला तं अशी रेघ पडते."

पोरं खिदळली. चंद्रभान खाली पाहत होता.

नत्थुजींनी कागद नाकाशी धरला. डोळे आता जवळचंच थोडं पाहत. कागद हलत होता; त्यांना वाटलं, वारा आहे.

"मले तं बरोबर दिसते. मी शिकवलं तसंच काढलं त्यानं."

"तेच म्हणून राहिलो मी," खुशालराव म्हणाले.

पुसा.

आधी रेघ.

त्या वर्षांत समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई चालू होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातला कापूस पुरेनासा झाला होता. अमरावतीहून, अकोल्याहून गाड्यांमागे गाड्या निघत. वखारीवाल्यांना लिहिणारी माणसं हवी होती. 'नत्थुजीचा हात' म्हटलं की व्यापारी पोराला दुसरं काही विचारत नसत.

तो हात असा घडे: धूळपाटी झाली की लाकडी पाटी. तिच्यावर नत्थुजी बोरूने कित्ता घालून देत आणि पोरानं त्याच्यावरून गिरवायचं. रेघेवर रेघ अशी बसली पाहिजे की दोनाची एक व्हावी. पोराची रेघ जरा जरी बाजूला गेली तर ती जाड दिसे. तेवढं त्यांच्या अधू डोळ्यांनाही दिसे. मग छडी.

त्या दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "माझा हात हलते काय?"

त्यांची बायको मैनाबाई तव्यावरची भाकर उलटत होती. "जेवून घ्या."

"हलते काय?"

"तांब्या अर्धाच देत आली मी तुमाले," ती म्हणाली. "कवाची. भरला दिला तं धोतर भिजते."

पुसा.

आधी... चावडी.

चावडीत सरकारी शाळा निघाली होती. अमरावतीहून किसनराव मास्तर आले होते, दगडी पाट्या घेऊन. नत्थुजींनी तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. चावडीतली पोट्टी कोंबडीच्या पायानं लिहितात, असं ते पारावर सांगत. आज ते चंद्रभानला घेऊन पायरीशी उभे राहिले आणि कागद पुढे केला.

"हो, ओळखलं," किसनराव म्हणाले. "तुमच्याकडून आलेली सगळी मुलं अशीच रेघ काढतात. मला वाटलं, वऱ्हाडी मोडीचं वळणच असं. मी स्वतःही गिरवून पाहिलं. जमलं नाही."

नत्थुजी हसले. मग हसायचे थांबले.

आत पोरं आपल्याच हातानं पाट्यांवर लिहीत होती. नत्थुजींनी विचारलं, "तुमी पोराचा हात कावून नाही धरत?"

"धरला तर तो स्वतः कधी लिहिणार?"

"अन् नाही धरला तं वाचता येईन असं कधी लिहीन?"

किसनरावांनी मागच्या पाट्यांकडे पाहिलं. "अजून येत नाही," ते म्हणाले. "पण लिहितात ते त्यांचं असतं. काल एकानं लिहिलं, आमची म्हैस रुसली."

"वाचता आलं तुमाले?"

"नाही. त्यालाच विचारलं."

नत्थुजींनी चंद्रभानच्या पाठीवर हात ठेवला. "याले घ्या तुमच्याकडं. बाजाराच्या दिवशी शेठच्या गाड्या इकडून जातात. तोवर हात सुधरवा याचा."

ते दाराबाहेर थांबून राहिले. आत किसनराव समजावत होते. "काहीही लिही. तुला दिसतं ते."

"कित्ता कुठी आहे?"

"कित्ता नाही. तूच लिही."

चंद्रभानने पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल टेकवली. तिथेच ठेवली. लहान पोरं आपापल्या म्हशी, विहिरी, आज्या खरडत होती आणि हा बापाच्या उंचीचा मुलगा कोरी पाटी घेऊन बसला होता.

"एक रेघ तरी ओढ."

त्यानं ओढली.

"सरळ ओढ."

"सरळच आहे," चंद्रभान म्हणाला. मग दाराकडे न बघता म्हणाला, "पयले सरळ येत होती. पंतोजीनं मारलं."

दाराबाहेरून आवाज आला, "कवा रे?"

"जवा जवा सरळ आली तवा."

पुसा.

पुसा.

(हे पुसलं जात नाही.)

बाजाराच्या दिवशी गाड्या आल्या. विहिरीवर बैलांना पाणी दाखवायला थांबल्या. गोवर्धनशेठ पहिल्या गाडीत लोडाला टेकून बसले होते. नत्थुजी पारावरून उतरून सगळ्यांच्या देखत गाडीपाशी गेले.

"शेठ, पोराले वात नाही. हात माझा हलते. त्यानं माझं हलणं गिरवलं. मास्तराकडं बसवला त्याले, पण इतक्या लवकर नाही निघत थे. गुन्हा माझा."

शेठनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. "पंतोजी, गलती किसी की भी हो. कापसाच्या गाठीवर नाव माझं जाते. वाचणारा काय म्हणेल? शेठनं मरता मरता लिहिलं?" आजूबाजूचे हसले. शेठ हसले नाहीत. "लिखाई का काम नहीं. पाय तर नाही ना हलत याचे? चलू दे. बोऱ्यात कापूस तुडवायला माणूस लागते."

खुशालराव गर्दीतून पुढे आले. मुलाला म्हणाले, "जाय. कपडे घे."

नत्थुजी पारावर परत आले. पोरं बसली होती. "उद्यापासून समदे चावडीत जा."

सूर्यभानने विचारलं, "पंतोजी, तिकडं रेघ कशी काढाची? हलवाची का सरळ?"

नत्थुजींनी त्याच्यापुढची धूळपाटी पुसली. पोरं एकेक करून उठली. धूळपाट्या तिथेच राहिल्या.

चंद्रभान गाठोडं घेऊन आला तेव्हा पंतोजी लाकडी पाटी पुढे घेऊन एकटेच बसले होते. कित्ता पुसून टाकला होता. बोरू शाईत बुडवून ठेवला होता.

"गाड्या निघून राहिल्या, पंतोजी. पाया पडतो."

"बस अदुगर. माझा हात धर."

"म्हंजे?"

"मी धरत होतो तसा. दाबून धर. पाहू, सरळ येते काय."

चंद्रभान बसला. त्यानं त्या सुकलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवली. ती त्याला फार हलकी लागली.

"ढिला सोडा," तो म्हणाला. "मेल्या..."

नत्थुजींनी हात सोडला.

बोरू निघाला. थोडा सरळ गेला. मग हलला.

"हे तुमचं का माझं?" चंद्रभानने विचारलं.

नत्थुजी वाकून पाहत होते. "तू थांब जरा," ते म्हणाले. "मी धरतो श्वास."

दोघांनीही धरला. बोरू हललाच. कोणाच्या हातातून येतंय ते दोघांनाही कळेना.

विहिरीवरून शेठच्या माणसानं हाक मारली. बैलांच्या घंटा वाजू लागल्या. बोरू पाटीच्या काठाशी आला, आणि पाटी संपली.

चंद्रभानने हात सोडला नाही.