उलट जोडलेल्या दोन काड्या

चर्चच्या माळ्यावरचा जुना पाइप ऑर्गन ठेवायचा की त्याच्या जागी विजेची पेटी आणायची, हे रविवारी ठरणार होतं. फादरांची अट साधी होती: एक गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनचूक वाजलं पाहिजे. विजेच्या पेटीत म्हणे वाजवणाराही आतच बसवलेला असतो. म्हणजे ऑर्गनबरोबर मामाही जाणार. चाळीस वर्षं वाजवणाऱ्या मामांना हे कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. फक्त सगळे एकाएकी त्यांच्या तब्येतीची चौकशी करू लागले होते.

दुरुस्तीला आली ती जुन्या कारागिराची मुलगी. चार दिवस ती ऑर्गनच्या पोटात होती. भात्याचं फाटलेलं कातडं बदललं, नळ्यांतली धूळ काढली आणि मग तिला तिच्या दिवंगत वडिलांची चूक सापडली. प्रत्येक पट्टीपासून नळीखालच्या झडपेपर्यंत एक लाकडी काडी जाते. तीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत शेजारशेजारच्या दोन काड्या त्यांनी एकमेकींच्या जागी जोडल्या होत्या. एक पट्टी दाबली की शेजारणीचा सूर. बापाची अब्रू झाकावी म्हणून तिने गुपचूप त्या सरळ केल्या.

शनिवारी सकाळी मामांनी गीत वाजवून पाहिलं. दुसऱ्याच ओळीत सूर घसरला. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच.

"काय केलंस गं?"

"दुरुस्ती."

"ती ऐकू येतेच आहे."

तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. "मामा, तुम्ही उलटं दाबताय."

"तीस वर्षं."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"काम संपवून जाताना तुझा बाप म्हणाला, 'आता शंभर वर्षं बघायला नको.' इतक्या समाधानी माणसाला सांगायचं कसं? त्यापेक्षा दोन बोटं वळवणं सोपं."

"उद्यापर्यंत सुलट जमेल?"

"अगं, डोक्यावरचा चष्मा घरभर शोधतो मी. बोटांना काय समजावू?"

 तिने पक्कड उचलली आणि परत आत शिरली. ऑर्गनच्या दाराला आतून दुरुस्तीची नोंद चिकटवलेली असते. वडिलांच्या सहीखाली तिने लिहिलं: 'दोन काड्या उलट आहेत. मामा आहेत तोवर सरळ करू नयेत.'

रविवारी गीत बिनचूक वाजलं. विजेची पेटी बारगळली. फादर खूश होऊन म्हणाले, "तुझ्या हातात अगदी वडिलांचंच कसब आहे हो."

"आहे ना," ती म्हणाली, "दोन काड्यांपुरतं तर तंतोतंत."

मामांना खोकला आला. लगेच चारजणांनी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.