सही करणाऱ्याची खुर्ची

आधी एका भाच्याबद्दलचं गाऱ्हाणं सांगते, मग माझी ओळख. मावशीचा हात धरून खोलीत शिरला आणि धपकन स्वतःच माझ्यावर बसला. म्हातारी उभीच! कागद तिचा, सही तिची, गुडघे तिचे दुखतात, आणि बसतंय कोण, तर हा घोडा. वर वकीलबाईंना म्हणतो, "सही घरीच करून आणलीय, बाई. तुम्ही नुसता शिक्का मारा, लगेच निघतो आम्ही."

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, नोटरी करणाऱ्या वकीलबाईंच्या टेबलासमोरची. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. माझ्यावर बसून लोकांनी जे वाचलं, तेवढंच माझं शिक्षण. पण या खोलीत माझा मान मोठा आहे, आणि तो सांगायला मी लाजत नाही.

मला घडवणारा सुतार हाताचा हलका आणि तोंडाचा अगदी जड होता. माझे हात त्याने चांगले रुंद ठेवले. त्याची बायको हसली, "एवढे रुंद कशाला? ताट ठेवायचंय का त्यांच्यावर?" तो म्हणाला, "घाबरलेलं माणूस धरायला काहीतरी शोधतं." एवढंच बोलला आणि पुन्हा रंधा मारायला लागला.

वकीलबाईंनी कचेरी थाटली तेव्हा मला विकत आणलं आणि नियम केला, की इथे बसायचं ते सही करणाऱ्यानेच. माझ्यावर कोण कोण बसलं म्हणून सांगू! लेकराला आजीबरोबर परदेशी धाडायचं म्हणून संमती लिहून देणारी आई बसली. दोन कागदांवर दोन जन्मतारखा असलेला एक स्वयंपाकी प्रतिज्ञापत्र करायला आला. "खरी कोणती?" विचारलं, तर म्हणाला, "आई सांगते ती." जो बसेल त्याचं ओळखपत्र वकीलबाई आधी बघत, तेही अस्सल, झेरॉक्स नव्हे. फोटोवरून नजर चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून परत फोटोवर. मग विचारत, "कागद वाचलात? समजला? कुणी जबरदस्ती तर केली नाही ना?" तेव्हा कुठे पेन हातात देत. सही झाली की वहीत नोंद आणि शेवटी शिक्का.

लोकांना वाटतं, शिक्का बसला की कागदातलं सगळं खरं झालं. तसं नाही हो. शिक्का इतकंच सांगतो, की हे माणूस स्वतः आलं, त्याची ओळख पटली आणि त्याने आपल्या मर्जीने, समोर बसून सही केली.

मधे माझे दिवस फिरले. चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मी कोपऱ्यात गेले. माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवल्या, फायलींचे ढीग ठेवले. बैठकीचा विणलेला वेत फाटला, तर त्यावर फळी ठोकली. नंतर एक आजोबा सही करायला वाकले आणि त्या गरगर फिरणाऱ्या खुर्चीने त्यांचं तोंड भिंतीकडे केलं. त्या दिवशी मला पुन्हा पुढे ओढलं गेलं. तेव्हा मी करकरले नाही हं, ऐटीत गेले.

तर तो भाचा. वकीलबाई त्याला म्हणाल्या, "उठा. ज्यांची सही, त्यांची खुर्ची. आणि घरी केलेली सही मला चालत नाही."

मावशी बसली. तिने माझे हात धरले.

"मावशी, कागद कसला आहे?"

"पेन्शनचा आणि बिलांचा," भाचा मधेच बोलला.

"तुम्हाला नाही विचारलं. जरा बाहेर बाकावर बसा."

"मी काय परका आहे?" असं पुटपुटत तो गेला. मग मावशी मोकळी झाली. गुडघ्याचं ऑपरेशन होतं. ती अंथरुणावर असेपर्यंत पेन्शन आणायला, बिलं भरायला भाच्याला मुखत्यारपत्र करून द्यायचं होतं. वकीलबाई कागद मोठ्याने वाचू लागल्या. शेवटच्या पानावर आलं, 'राहतं घर विकण्याचा व गहाण ठेवण्याचा अधिकार'.

मावशीची बोटं माझ्या हातांवर आवळली. "घर? माझं घर?"

भाच्याला आत बोलावलं. त्याने ते पान वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मावशी, शप्पथ सांगतो, टायपिस्टकडे तयार नमुना होता. त्यात फक्त आपली नावं घातली. मी वाचलंच नाही गं."

"म्हणजे सोन्या, माझं घर विकायला निघालास आणि तुलाच ठाऊक नाही? शपथा नको घेऊस. फाड तो कागद."

त्याने फाडला.

नवा कागद टाइप व्हायला दिला, फक्त पेन्शन आणि बिलांपुरता, ती हिंडूफिरू लागेपर्यंतचा. वाट पाहताना भाच्याने खिशातून तिची गोळी काढली. खिडकीपाशी नेऊन पाकिटावरचं नाव वाचलं, तारीख वाचली, मगच तिच्या तळहातावर ठेवली. मावशी गोळी गिळून म्हणाली, "रोज असंच करतो हो. जीव आहे त्याचा माझ्यावर." मला तर त्याची दयाच आली.

कागद आला. भाचा कुणी न सांगताच बाहेर गेला. मावशीने चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली आणि सही केली. वाकडी, पण तिची.

मित्रांनो, घरातल्या मोठ्या माणसाला सही करायची असेल, तर त्याला आधी बसू द्या. चष्मा द्या, वेळ द्या. कोऱ्या जागा सोडलेल्या कागदावर सही मागू नका. आणि माझ्यासारखी एखादी खुर्ची दिसली, तर तिच्यावर ओल्या छत्र्या ठेवू नका. तिचा वेत विणून घ्या.

निघताना मावशीला उठवायला भाच्याने माझी पाठ धरली, तेव्हा मात्र मी करकरले. बाकीच्यांना नुसती करकर ऐकू आली. मी त्याला म्हणाले ते असं:

"सोन्या, तू चोर नाहीस, हे मला पटलं. पण एवढीशी गोळी वाचल्याशिवाय तिला देत नाहीस, आणि अख्खा कागद न वाचता तिच्यापुढे सरकवलास! गोळी चुकली तर डॉक्टर धावून येतो. घर गेलं असतं, तर त्या गुडघ्यांनी ती कुठे धावली असती रे?"