सात-आठची जागा

"पस्तीस वर्षांच्या नोकरीत कुत्री चावली नाहीत तेवढं हे टेबल चावतं," धाकटीच्या कानाशी निवृत्त पोस्टमन पुटपुटला आणि त्यानं हातमोज्यात रुतलेली टाचणी उपसून काढली.

टेबल शिवणशाळेचं होतं. आठवडाभर त्यावर कापड बेतायचं आणि शनिवारी दुपारी सहा जणांच्या हौशी गटानं स्पंजाची गादी अंथरून त्यावर घंटा मांडायच्या. हातात धरून वाजवायच्या पितळी घंटा, एकूण बारा, माणशी दोन. घामानं पितळ काळवंडतं म्हणून हातमोजे. जागा आमची वापरा, पण आमच्या मुलींनाही शिकवा, असं शिवणबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

या वाजवण्यात पूर्ण गाणं कुणा एकाचं नसतंच. प्रत्येकाच्या वाट्याला दोन सूर. आपली पाळी आली की मनगट उडवायचं, एरवी गप्प उभं राहून मोजायचं. घंटांना नंबर होते, ते माणसांनाही चिकटले. पोस्टमन तीन-चार. धाकटी पाच-सहा. तिच्या शेजारी तिची थोरली बहीण, सात-आठ. धाकटी बावन्न वर्षांची झाली तरी सगळ्यांची धाकटीच राहिली होती, कारण तिला ताईनंच बखोट धरून इथे आणलं होतं. "घरात भांडी आपटतेस, त्यापेक्षा इथे ये, निदान सुरात आपटशील," म्हणाली होती.

गेले आठ महिने सात-आठ नंबरच्या घंटा गादीवर आडव्या पडून होत्या आणि ताई घरी पलंगावर. एका सकाळी दात घासता घासता ती कोसळली, तेव्हापासून उजवं अंग लुळं आणि जीभ जड. गटाचा ताल धरणारे, पेशानं दातांचे डॉक्टर पहिल्या शनिवारी म्हणाले होते की दोन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे, तिची जागा मोकळी ठेवू. मग सात-आठची पाळी आली की सगळे हात छातीशी धरून थांबत आणि मोजून पुढे जात. आठवड्यांचे महिने झाले, पण विषय काही कुणी काढला नाही. धाकटीसमोर कसा काढायचा, हा बाकीच्यांचा पेच. धाकटीला वाटे, आपण काढला तर ताईला आपल्याच हातानं दाराबाहेर केल्यासारखं होईल. त्या दोन घंटा मात्र ती दर शनिवारी पुसून लखलखीत करी आणि संध्याकाळी ताईच्या उशाशी बसून सांगे, तुझी जागा तशीच आहे हं, कुणी हातसुद्धा लावलेला नाही. ताई डोळे मिटून घेई. समाधानानं, असं धाकटी धरून चालली होती.

शिवणशाळेच्या कार्यक्रमाच्या आधीच्या शनिवारी मुलींनी गटाचं ऐकून शिकलेलं गाणं पहिल्यांदा न अडखळता वाजवलं. मधल्या, सात-आठच्या जागी साऱ्याजणी हनुवट्या वर करून श्वास धरून थांबल्या आणि मग पुढे गेल्या. डॉक्टरांनी शाबासकी दिली, तशी सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण कधीच न काढणारी एक मुलगी खुलून म्हणाली, "सर, मध्ये ते गप्प राहायचं असतं ना, तेच आम्हाला सगळ्यात आवडतं. काय छान बांधलंय हो गाणं!"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. पोस्टमन हातमोज्यात नसलेली टाचणी शोधू लागला. तेवढ्यावर भागलं नाही. मुलींनी उरलेल्या मखमलीच्या तुकड्यांची आतून अस्तर लावलेली, नाडीची पिशवी शिवून आणली होती. या जादाच्या दोन घंटांना धूळ लागू नये म्हणून, असं टोपणवालीनं सांगितलं. धाकटीनं पिशवी उलटसुलट करून पाहिली. टाके बारीक होते, नाडी सरळ ओवलेली होती. शिवण सुरेख आहे गं, एवढंच तिच्या तोंडून निघालं. जादाच्या नाहीत, हे जिभेवर आलं होतं, तिथेच राहिलं. सात-आठ पिशवीत मापात बसल्या.

कार्यक्रमाला ताईला आणायचंच, हा हट्ट धाकटीचा. आपली राखलेली जागा तिनं डोळ्यांनी बघावी, म्हणजे तिला हुरूप येईल. भाऊजी नको म्हणत होते. दगदग होईल, असं ते म्हणाले, खरं कारण काय ते त्यांनाच ठाऊक. शेवटी चाकाच्या खुर्चीतून त्यांनी तिला आणलं आणि पहिल्या रांगेच्या कडेला बसवलं. केस विंचरलेले, गुडघ्यांवर शाल.

आधी गट वाजवणार होता, मग तेच गाणं मुली. धाकटीनं पाच वाजवली, हात छातीशी आणले आणि ताईकडे पाहिलं. शालीवर ताईचा डावा हात उडाला. मनगटातून, नेटका, अगदी वेळेवर. सात. मग आठ. खोलीत आवाज नव्हता आणि ताईच्या हातात घंटा नव्हती. धाकटीचं मोजणं सुटलं. सहाची पाळी येऊन निघून गेली आणि गाण्याला आणखी एक भोक पडलं. पोस्टमननं मान न वळवता कोपरानं तिला ढोसलं.

मग मुलींनी वाजवलं. त्या जागी हनुवट्या वर करून, हसतमुखानं, श्वास धरून थांबल्या. पुन्हा शालीवर तो हात उडाला, या वेळी अर्ध्यावरच, आणि मांडीवर पडून राहिला.

टाळ्या झाल्या. टोपणवाली धावत ताईपाशी आली. आपण काय शिवलंय ते पाहुण्यांना दाखवायचं होतं तिला. पिशवी तिनं ताईच्या मांडीवर ठेवली. या जादाच्या आहेत, कुणी वाजवत नाही, म्हणून, असं ती समजावून सांगत होती. मागोमाग डॉक्टर आले, पोस्टमन आला, सगळे खुर्चीभोवती उभे राहिले. डाव्या हातानं ताई नाडी सोडायला लागली. वेळ लागला. भाऊजी मदतीला वाकले, तशी तिनं त्यांचा हात बाजूला सारला. दोन्ही घंटा मांडीवर आल्या, लखलखीत.

"अगं, किती थंडी आहे इथे," म्हणत धाकटीनं उगाचच शाल सारखी केली. "आणि तू बरी झालीस ना, की आपण परत ते—"

ताईनं नकारार्थी मान हलवली. सात नंबरची घंटा दांड्याला धरून उचलली आणि धाकटीच्या हातमोज्यात ठेवली. मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाली,

"वाजव. मी आता... येणार नाही, धाकटे."