जेकमामाचा रिकामा चौकोन

विनिपेगच्या आनुवंशिकी विभागात वॉल्टर हॅल्डोरसनकडे आकडेमोड होती. पेनर घराण्यात चाळिशीच्या सुमारास एक आजार येई. हातपाय आपोआप नाचू लागत, आणि पंधरा वर्षांत माणूस संपे. तो घडवणारा जनुक १९८८ साली अजून कुणाला सापडला नव्हता. त्याच्या शेजारची एक खूण तेवढी रक्तात दिसे. जनुक मुलात उतरला की खूणही बरोबर उतरे. शंभरात चारदा दोघांची ताटातूट होई.

त्याच घराण्यातली नेटा आपल्यालाही तो होईल का, हे विचारायला आली होती; तिची आई याच आजाराने गेली. आईच्या रक्तात खुणा दोन होत्या, अ आणि ब. आजार कोणत्या खुणेबरोबर चालतो, हे तिच्या भावावरून ठरवावं लागलं. जेक पेनर, वय अठ्ठावन्न, निरोगी, खूण अ. म्हणजे आजार ब बरोबर असणार. नेटाला आईकडून अ मिळाली होती.

"शंभरात त्र्याऐंशी वाटे तू सुटलीस," वॉल्टरने तिला सांगितलं. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली.

त्यानंतरच्या मार्चमध्ये जेक वारला. मेंदूच्या तपासणीचा अहवाल आला, त्यात तोच आजार होता. वंशावळीत निरोगी म्हणून रिकामा ठेवलेला जेकचा चौकोन वॉल्टरने काळा केला आणि गणित पुन्हा मांडलं. तीनदा मांडलं; आजार आता अ बरोबर होता. मग नेटाला बोलावलं.

ती मुलीला मांडीवर घेऊन बसली.

"घरात कुणालाच कळलं नाही?" त्याने विचारलं.

"तोल जायचा त्याचा. मामीला वाटायचं, लपूनछपून पितो. चर्चमधल्या बायकांत तोंड कसं दाखवायचं? म्हणून रक्त घ्यायला आलेल्या तुमच्या नर्सला सांगितलं, ठणठणीत आहे. आणि त्या बिचाऱ्याने थेंबालाही हात लावला नव्हता, डॉक्टर." तिने मुलीला मांडीवर सावरलं. "आता किती?"

"तुला असण्याची शक्यता शंभरात ब्याण्णव."

"म्हणजे पार उलटं. आणि हिला?"

"त्याच्या निम्मी."

"हा आकडा तरी पक्का ना? का आणखी कुणाचं रक्त घेतलंत की हाही फिरेल?"

"त्या पिढीतलं आता कुणी उरलं नाही."

"मग खरंखोटं कळणार कुणावरून?"

"तुझ्यावरून," वॉल्टर म्हणाला. "दहाबारा वर्षांनी."

नेटाने मुलीला टोपडं घातलं, हनुवटीखाली नाडीची गाठ मारली. गाठ नीट बसली होती. तरी ती आपल्या बोटांकडे बघत राहिली, आणि मग सोडून पुन्हा बांधू लागली.