खळ दिलेली जॅकेटं आणि पाणमांजर

कडकबाईंच्या लाँड्रीतून डाग घेऊन बाहेर पडलेला कपडा अजून कोणी पाहिलेला नाही. खळ अशी देतात, की सदरा नुसता टेबलावर ठेवला तरी ताठ बसून राहतो. त्यावरूनच गल्लीने हे नाव ठेवलं आणि बाईंनी ते मिरवलं. अशा बाईला पाणमांजर बघायची हौस कुठून आली? नणंदेमुळे. दुसरं कोण असणार?

नणंद गेल्या वसंतात नदीवर कयाक चालवायला गेली होती. तिथे तिला पाणमांजर दिसलं, तेही पिल्लांसकट. झालं! तेव्हापासून जेवायला बसली की पाणमांजर, डोकं दुखलं की पाणमांजर. वर म्हणायची, "वहिनी, तुला नाही कळायचं. तू कधी इस्त्रीच्या टेबलापलीकडे गेलीस?"

हे बोलणं बाईंना झोंबलं. थंडी सरून झाडांना पालवी फुटली तसं त्यांनी मुलाला फर्मावलं, "रविवारी दुकान बंद. सगळे नदीवर. तुझ्या आत्यालाही घे. ते जनावर मी बघणार, आणि तिच्या नाकावर टिच्चून बघणार."

नदीवर सहली नेणारा वाटाड्या बाईंचंच गिऱ्हाईक. त्याची भाड्याने द्यायची कापडी जॅकेटं चेन बदलायला दुकानात आली होती. देताना तो पुन्हा पुन्हा बजावून गेला, "काकू, फक्त चेन. धुऊ नका हं." बाईंनी ऐकलं, नाही असं नाही. पण धुऊ नका म्हणे! बिचाऱ्याला संकोच वाटत असेल. जॅकेटं तर अशी, जणू चिखलानेच बसून शिवली असावीत. बाईंनी ती भिजवली, खसाखसा घासली, सुवासिक पाण्यातून काढली, खळ दिली आणि बाह्यांवर सुरीसारखी धार येईल अशी इस्त्री फिरवली.

रविवारी सकाळी नदीकाठी वाटाड्याने गाठोडं सोडलं आणि त्याचा चेहराच उतरला.

"काकू, ही कोणाची?"

"तुझीच की."

"माझी मातकट होती."

"मळकट होती. खरा रंग हा आहे, पिवळा."

वाटाड्याने एक जॅकेट उलटंपालटं करून पाहिलं. "इतकी वर्षं वापरतोय, मलाच माहीत नव्हतं ही पिवळी आहेत."

सूनबाईने तोंड फिरवून हसू गिळलं. नणंदेने बाही नाकाशी नेली. "अगं बाई, गुलाबाचा वास!"

"मग तुला काय चिखलाचा हवा होता?"

"मला नको गं. पाणमांजराला हवा असतो. आता आज कुठलं दिसतंय!"

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. आज ते जनावर दिसलं नाही, तर नणंद जन्मभर गुलाबाचा वास काढून दाखवणार. पण हवेत गारवा होता आणि दुसरी जॅकेटं नव्हती. सगळ्यांनी तीच चढवली.

एका कयाकमध्ये बाई आणि सूनबाई, दुसरीत मुलगा आणि आत्या, सगळ्यात पुढे वाटाड्या. हात हलला की जॅकेट कर्रकर्र वाजे. बगळे उडाले. खंड्या ओरडत पळाला. ऊन खात बसलेलं कासव डुबकन पाण्यात गेलं. त्यात बाईंचं वल्हं.

"आई, वल्हं पाण्यात घालून मागे ओढायचं असतं," सूनबाई हळूच म्हणाली. "तुम्ही आपटताय."

"जन्मभर धुणं आपटलंय मी. हात त्याच वळणाचा आहे."

शेवटी वाटाड्याने हात जोडले आणि कयाक काठाला लावायला सांगितल्या. जॅकेटं काढून घेतली आणि तो ओंजळी भरभरून त्यांना चिखल फासू लागला. इतक्या कष्टाने काढलेल्या बाह्यांवर! बाईंना ते बघवेना. "कर, काय करायचं ते कर," म्हणत त्या फणकाऱ्याने लव्हाळ्यांतून वळणापलीकडे गेल्या. तिथे पाय घोट्यापर्यंत रुतला, मग गुडघ्यापर्यंत. निघेना, म्हणून त्या तिथेच चिखलात बसल्या.

आणि समोरून ते आलं.

चपटं डोकं, ताठ मिशा, चकचकीत तपकिरी अंग. मागे पिल्लं. आईने मासा फाडला, पिल्लांना दिला आणि पुढच्या पंजांनी तोंड असं चोळायला लागली, जसं बाई कॉलर चोळतात. वाह! हाताला वळण होतं तिच्या.

हाक मारावी, तर ते पळणार. न मारावी, तर नणंदेला पटणार कसं? "वन्सं" हा शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला. दात काढतानासुद्धा डॉक्टरला सूचना देणारी ही बाई. पण तिने पदर तोंडात कोंबला. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. बाईंचे डोळे पाणावले. मग सगळी पाण्यात शिरली आणि मागे नुसते बुडबुडे राहिले.

चिखलाने माखलेल्या बाई एक चप्पल गमावून परत आल्या.

"दिसलं. पिल्लांसकट."

वाटाड्याने मान खाली घातली. मुलगा आभाळाकडे बघू लागला. नणंद म्हणाली, "मग हाक का नाही मारलीस?"

"मारली असती तर पळालं असतं."

नणंदेने वहिनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "खरं बोलतेय ही. इतका वेळ हिचा आवाज नव्हता. वहिनी, मी आत्ताच तुझ्या मुलाला म्हटलं, आई बुडाली की काय बघ जरा." आणि काठावर आपल्या शेजारची पिशवी उचलून तिने वहिनीसाठी जागा केली. "ये, बस इथे. पिल्लं केवढी होती?"

बाईंनी दोन्ही हात पसरून दाखवलं. पाणमांजराचं एवढं पिल्लू कुठल्याच नदीत नसतं. वाटाड्याने सांगायला तोंड उघडलं. सूनबाईने त्याच्या पायावर पाय दिला.